एक दगड दाखवायचास

काका,

पडवीत तुमचा जो फोटो हार घालून ठेवलाय, तो आपण व्हिसासाठी काढला होता. रत्नागिरीत नाक्यावरच्या स्टुडिओत मी तुम्हाला दरडावत होते, मान सरळ ठेवा, दात दिसता कामा नयेत, मागे पांढरंच पाहिजे. तुम्ही म्हणालात, "व्हिसा देतायत की फाशी?" फोटोवाला हसला, मी हसले, तुम्ही मात्र तोंड मिटून बसलात. म्हणून तो फोटो असा रागीट आलाय. आता येणारा-जाणारा त्याच्यासमोर हात जोडतो आणि म्हणतो, माणूस करारी होता. तुम्ही करारी नव्हतात. तुम्हाला हसायला मनाई होती आणि ती मी केली होती, हे मी कुणाकुणाला सांगत बसू?

माझं काम नेमकं काय, हे तुमच्या मालगुंडात कुणाला नीट समजलं नाही. तुम्हीच एकदा शेजाऱ्यांना समजावलंत. "ही मीनल. सिनेमावाली आहे, पण सिनेमा काढीत नाय. कोणाला दुसऱ्याच्या मुलखात जाऊन काढायचा असेल तर त्याचे कागद करते." इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नव्हतं. मुंबईत बरीच वर्षं हेच केलं. आईच्या आजारपणासाठी रत्नागिरीला परत आले, आणि फोन न् लॅपटॉप असला की हे काम इथूनही होतं असं लक्षात आल्यावर इथेच राहिले. कुठल्या देशात कॅमेरा न्यायला कुणाकुणाचे शिक्के लागतात, गाडी कुणाची घ्यायची, गोळीबार सुरू झाला तर कुठल्या रस्त्याने निघायचं, माणूस आजारी पडला तर चालू असलेलं इस्पितळ किती लांब, हे सगळं मी माझ्या गॅलरीत बसून ठरवते. खाली मासेवाल्या ओरडत असतात.

तुमची-माझी ओळख महेशमुळे झाली. ज्याला मी कधी पाहिलं नाही, त्या तुमच्या मुलामुळे.

तुम्ही सुकाणी. आयुष्यभर मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर चाक धरलंत. महेशला मात्र एजंटाने एका जुनाट मालवाहू बोटीवर चढवलं, जिचा मालक कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. सुदानच्या बंदरात ती बोट अडकली. मालकाने हात वर केले, पगार थांबले, आणि त्यातच तिकडे लढाई पेटली. बोटीवरच महेशला ताप आला. एजंट तुम्हाला फोनवर सांगत राहिला, इस्पितळात ठेवलंय, सुधारतोय, आज पेज प्यायला, आज चार पावलं चालला. तो चालला म्हणून तुम्ही गणपतीपुळ्याला जाऊन नारळ ठेवून आलात. तोवर त्याला पुरूनही झालं होतं. बाकीचे खलाशी सुटून आले, त्यातल्या एकाने घरी येऊन तुम्हाला खरं सांगितलं.

भटजी म्हणाले, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून दहन करता येतं, शास्त्रात सोय आहे. तुम्ही म्हणालात, "शास्त्रात असेल. मी जागा बघितल्याशिवाय पोराला जाळणार नाय." क्रिया राहिली ती राहिलीच. काकी त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या कशावरच बोलत नव्हत्या तेव्हा.

पुण्याचा सौरभ अशा अडकलेल्या खलाशांवर माहितीपट करत होता, आणि त्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. आम्ही दोघं पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही खळ्यात कोलीम, ती बारीक कोळंबी, वाळत घालत होतात. सौरभने कॅमेऱ्यासमोर बोलाल का विचारलं. तुम्ही हात धुतलेत, आम्हाला पाणी दिलंत आणि म्हणालात, "बोलेन. पण इथे नाय. माझा पोर जिथे आहे तिथे मला न्या. मग काय विचारायचा ते विचारा."

सौरभ परतीच्या वाटेवर आरेवारेच्या चढावर गाडी थांबवून म्हणाला, "फिल्म हीच आहे." मी म्हटलं, "फिल्म असेल. पण परवानग्या कोण आणणार, माहितीय ना?"

त्यानंतरची दीड-दोन वर्षं आपण दोघांनी वाट बघण्यात काढली. तुम्हाला आधी पासपोर्टच नव्या मुदतीचा काढावा लागला. मग निमंत्रणाचं पत्र, मग व्हिसा, मग चित्रीकरणाची परवानगी, ती शहरापुरती. बंदराची वेगळी. कबरस्तान शहराबाहेर, म्हणून तिथवर जायची आणखी वेगळी. एक हातात पडेपर्यंत दुसरीची मुदत संपायची. तिकडची माणसं बदलायची, लढाई सरकायची, विमानं बंद व्हायची. दर वेळी मी स्कूटर काढून मालगुंडाला यायचे, कारण असलं काही तुम्हाला फोनवर सांगणं माझ्याने व्हायचं नाही. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि विचारायचात, "जेवलीस काय?" मी नाही म्हटलं की काकी ताट वाढायच्या. परत जाताना डब्यात साफ केलेले बांगडे असायचे, कारण मला मासे साफ करता येत नाहीत हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत. आई गेली तेव्हा त्या डब्यांवरच मी जगले. हे तुम्हाला मी कधी म्हटलं नाही. आभार मानले असते तर तुम्ही डबा पाठवायचं बंद केलं असतंत, एवढं मी तुम्हाला ओळखत होते.

आणि इद्रिस. पोर्ट सुदानमधला आमचा माणूस. एके काळी शाळेत इंग्रजी शिकवायचा, शाळा बंद पडली तशी बाहेरून येणाऱ्या पत्रकारांची कामं करू लागला. व्हिडिओ कॉलवर मी तुमची गाठ घालून दिली, आणि तुम्ही तरुणपणी त्याच बंदरात शिकलेलं अरबी बाहेर काढलंत. पाणी, दोर, उद्या, किती. इद्रिस हसून मला म्हणाला, हे तर माझ्या आजोबांच्या वेळचे हमाल बोलायचे तसं बोलतात. तुम्ही त्याला विचारलंत, बोटीत चढवायच्या मेंढ्या धक्क्यावर अजून असतात काय? असतात, तो म्हणाला. तुम्हाला केवढं बरं वाटलं. महेशनेही त्या मेंढ्या बघितल्या असतील, असं तुम्ही मला नंतर म्हणालात. पुढे माझ्याशिवायही तुम्ही दोघं बोलायला लागलात. काय बोलायचात देव जाणे.

सुरक्षेचं काम बघणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, जाणाऱ्या प्रत्येकाकडून एक प्रश्न आणि त्याचं उत्तर घेऊन ठेवा. उद्या कुणी पळवून नेलं आणि पैसे मागितले, तर माणूस जिवंत आहे की नाही हे त्या प्रश्नावरून ताडायचं. उत्तर त्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक नसावं. मी हे घाबरत घाबरत तुमच्यापुढे मांडलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या पयल्या बोटीचा नाव." मी म्हटलं, ते कागदोपत्री सापडेल. "मग माझ्या आईचा माहेर?" तेही सापडेल. आतून काकी म्हणाल्या, "झोपेत काय बडबडतात ते सांगू देत." तुम्ही माडाकडे बघितलंत. मग आवाज खाली करून म्हणालात, "लिहून घे. मला पोहायला येत नाय."

मला वाटलं गंमत करताय. गंमत नव्हती. जन्मभर समुद्रावर काढलेल्या माणसाला पोहता येत नव्हतं. काकी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "आणि मला कधी सांगितलात नाय?" तुम्ही म्हणालात, "सांगितला असता तर मी बोटीवर गेल्यावर तू झोपली असतीस काय?" त्या दिवशी आपण तिघंही पोट धरून हसलो. महेश गेल्यापासून त्या घरात कुणी हसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मग विमा अडला. तुमचं वय आणि छातीत बसवलेला स्टेंट बघून कंपनीने नाही म्हटलं. मी दुसरीकडे विचारलं, तिसरीकडे विचारलं. सगळ्यांचं उत्तर तेच. तुमच्या पडवीत बसून मी सांगितलं, "काका, तिथे छातीत दुखलं तर समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात न्यावं लागेल. विम्याशिवाय मी तुम्हाला पाठवू शकत नाही."

"मग नका नेऊ समुद्र ओलांडून."

"म्हणजे?"

"दुखला तर दुखला. महेशच्या बाजूला जागा असेल ना एका माणसाची."

"असलं काही मी कागदावर घेऊ शकत नाही."

"कागदावर नको घेऊ. मनात घे."

मी मनातही घेतलं नाही. काकी आत तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबल्याचं मला ऐकू आलं, तुम्हालाही आलं असणार. त्यानंतर आपण या विषयावर कितीदा भांडलो. तुम्ही म्हणायचात, तू मला म्हातारा समजतेस. मी म्हणायचे, मी तुम्हाला जिवंत समजते. तुम्ही जिंकला नाहीत, मीही नाही. शेवटी एका सकाळी तुम्हीच फोन करून म्हणालात, "सौरभला जाऊ दे. मला फोनवर दाखव." आणि लगेच पुढे, "पण एक आहे. माझ्याशी गोड बोलायचा नाय. गोड बोलणारे मला खूप भेटले."

मी शब्द दिला.

सौरभ आणि कॅमेरामन गेले. कबरस्तानाची परवानगी आली त्या दिवशी तुम्ही सकाळच्या एस्टीने माझ्याकडे आलात, पांढरा सदरा घालून. मालगुंडात रेंज दगा देते म्हणून माझ्याकडे यायचं ठरलं होतं. काकी आल्या नाहीत. मला नको दाखवू, म्हणाल्या. तुम्ही चहा घेतला नाहीत. कॉटच्या कडेवर बसून राहिलात.

तुम्ही बाहेर बसला होतात तेव्हा आत स्वयंपाकघरात मला सौरभचा फोन आला. आवाज बसलेला. जागा सापडत नव्हती. लढाईतून पळून आलेली हजारो माणसं त्या शहरात दाटली होती, त्यातली मरत होती, आणि कबरस्तान वाढत वाढत जुन्या कबरींवर चढलं होतं. परदेशी खलाशांचा कोपरा म्हणून जो होता तिथे नव्या ओळी पडल्या होत्या. दगड होते, नावं नव्हती. राखणदार बदललेला. तो आधी एकीकडे बोट दाखवी, मग दुसरीकडे. सौरभ म्हणाला, "मीनल, इद्रिस विचारतोय, एखादा दाखवू का? म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल."

दाराच्या फटीतून मला तुमची पाठ दिसत होती. मी म्हटलं, "नको. कॉल लाव. मी सांगते."

आणि मी सांगितलं. तुमच्या शेजारी बसून, जसं होतं तसं. तुम्ही फोन हातात घेतलात, चष्मा लावलात आणि सौरभला म्हणालात, "सगळा फिरव." त्याने कॅमेरा हळूहळू फिरवला. लाल माती, दगड, पत्र्याचं कुंपण, पलीकडे एक पाण्याची टाकी. "परत फिरव." त्याने परत फिरवला. इद्रिस समोर आला. तुम्ही त्याला त्याच्या आजोबांच्या वेळच्या अरबीत धन्यवाद म्हणालात आणि फोन मला दिलात.

जिन्यात, खालच्या पायरीवर, तुम्ही थांबलात.

"एक दगड दाखवायचास."

मला आधी कळलंच नाही.

"कुठलाही एक दाखवायचास. म्हणायचास, हाच तो. मला कुठे कळणार होता?"

"काका, तुम्हीच सांगितलं होतं, गोड बोलू नको."

"सांगितला होता," तुम्ही म्हणालात. "सांगितला तरी."

स्कूटरवर सोडते म्हटलं तर हाताने नको म्हणालात आणि एस्टी स्टँडकडे चालायला लागलात. पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. मी फाटकात उभी होते. धावत मागे यायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता येत नाही.

पुढे तुमचा फोन नाही. मी केला तर काकी उचलायच्या आणि म्हणायच्या, बाजारात गेलेत, आंब्याच्या कलमांत गेलेत. मग तुमच्या शेजाऱ्यांकडून कळलं, तुम्ही भटजींना बोलावून महेशची क्रिया केलीत. दर्भाचा पुतळा करून, खाडीवर. मला बोलावलं नाहीत. काका, मी रडले त्या दिवशी. दोन वर्षं ज्या मुलासाठी मी दारोदार फिरले, त्याच्या पिंडाला मी परकी? मग मी माझी समजूत घातली, की खरं कळलं म्हणूनच तुम्हाला त्याला सोडता आलं. माझ्या खरं बोलण्याचा काहीतरी उपयोग झाला. तेवढ्यावर मी ते दिवस काढले.

आंब्याच्या हंगामात तुम्ही गेलात. खळ्यात पेंढ्यावर आंबे लावत होतात, तसेच बाजूला कलंडलात. मी पोचले तोवर तुम्हाला नेऊन झालं होतं. बायका आंबे उचलून बाजूला ठेवत होत्या. काही तुमच्या अंगाखाली चेपले होते, वास सुटला होता.

दिवस झाल्यावर मी परत गेले. काकी पडवीत एकट्याच होत्या. मला जवळ बसवलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझे उपकार आहेत गो. शेवटी ह्यांच्या जिवाला शांती दिलीस."

कसली शांती, माझ्या ध्यानात येईना.

"त्या दिवशी तुझ्याकडून आले आणि मला सगळा सांगितलानी. दगडावर नाव कोरलंय म्हणे महेशचा. बाजूला बोरीचा झाड आहे, सावली पडते. तो इद्रिस येता-जाता पाणी घालतो. मी म्हटला, मग आता त्याला मोकळा करा. तेव्हा कुठे भटजींना बोलावलानी." डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मोठा आहे काय गो झाड?"

मी म्हटलं, "आहे. बऱ्यापैकी."

काका, ते झाड तुम्ही कुठून आणलंत? त्या कबरस्तानात एक काडी नव्हती. एस्टीत बसल्या बसल्या केलंत की मालगुंडाच्या फाट्यावरून घरी चालत येताना? जे मी तुमच्यासाठी केलं नाही, ते तुम्ही काकींसाठी केलंत, आणि त्यांना तेवढं पुरेसं झालं. तुमच्यासाठी मात्र कुणीच काही केलं नव्हतं. बिननावाच्या दगडांचं ते सगळं मैदान तुम्ही एकट्याने उराशी धरलंत आणि कलमांत काम करत राहिलात. माझ्याशी बोलत नव्हतात, कारण मी एकटीच होते जिला ते ठाऊक होतं. हे आता कळतं. कळून काय करू?

मी खोटं बोलले असते तर तुम्ही आज असतात का? डॉक्टर म्हणतात, स्टेंट जुना होता, व्हायचंच होतं. मला डॉक्टरांचं पटत नाही आणि दुसरं काही पटवून घ्यायची हिंमत नाही. तुम्ही समोर असतात तर भांडले असते. म्हटलं असतं, शब्द तुम्ही घेतला होतात. तुम्ही म्हणाला असतात, घेतला तरी. इथपर्यंत येऊन दर वेळी गाडी थांबते.

सौरभला मी काकींचं सांगितलं. त्याने फिल्म जोडून पूर्ण केलीय. शेवटी तोच प्रसंग आहे, फिरत जाणारा कॅमेरा आणि त्यावर तुमचा आवाज, "परत फिरव." तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "हे काढलं तर उरलं काय? आणि काकांनी आधीच सही करून संमती दिली होती." दिली होती. मी घेतली होती. तो म्हणाला, तुझ्यासाठी थांबतो थोडा. किती थांबू, असं त्याने विचारलं. मी काय सांगणार? काकींचं वय काही जाण्याचं नाही, आणि त्यांचं बरं-वाईट चिंतत मी बसायचं का? एकदा फिल्म बाहेर गेली की कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर मालगुंडात पोचेलच. कुणीतरी मोठ्या प्रेमाने त्यांच्या हातात फोन देईल, बघा काकी, तुमचा महेश.

काल मी काकींकडे गेले होते. बांगडे त्यांनी साफ करून ठेवले होते. डबा भरताना त्या म्हणाल्या, "तो सिनेमा कधी दाखवणार गो? मला ती जागा बघायची आहे. तेव्हा धीर झाला नाय, आता होईल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून परवानगी आली नाही, काकी."

"अजून नाय?" त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "किती छळतात गो तुला ही माणसं."